दादाची खातरजमा

कारखान्यात नेमकं काय बनतं, हे माझ्या थोरल्या भावानं छत्तीस वर्षांत स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नाही. लग्न ठरवताना सासऱ्यांनी सहज विचारलं होतं, तर दादा म्हणाला, "ते सरकारले विचारा." सासरे शाळामास्तर होते. त्यांना हे उत्तर बाणेदार वाटलं आणि लग्न जमलं. डब्यातली गवार कशी झाली होती, असं विचारलं तरी हे आधी दाराकडे पाहतात, असं वहिनी सांगायच्या. त्या गेल्या, कारखान्यात काय बनतं ते न कळताच.

तो संरक्षण खात्याचा कारखाना. दादा तिथं भांडारात होता. आमचे वडील हमाली करत. फाटकावर ओळखपत्र दाखवून सरकारी नोकरीत शिरलेला आमच्या घरातला पहिला माणूस दादा. ते ओळखपत्र तो रविवारीही खिशात ठेवायचा.

मागच्या वर्षी कारखान्यात एक परिपत्रक आलं. परदेशी एआय ॲपमध्ये कार्यालयाचा कुठलाही कागद टाकू नये. शिवाय परदेशात बसलेले लोक एआय वापरून आपल्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतात आणि माहिती विचारतात. असा फोन आला तर ठेवून द्यावा, आपल्याकडच्या नंबरवर उलट फोन करून खातरजमा करावी आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवावं. बाकीच्यांनी सह्या केल्या. दादानं ते वाचलं, आणि आमचे हाल सुरू झाले.

मी शहराच्या एका टोकाला, वाडीला राहते, दादा दुसऱ्या टोकाला, नंदनवनात. फोन लावला की तो आधी प्रश्न विचारायचा, घरच्यांनाच उत्तर येईल असा. एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा नाही. "वापरलेला प्रश्न फुटलेल्या पेपरासारखा असते," असं त्याचं मत. त्याची मुलगी पल्लवी जर्मनीत नोकरीला. तीही यातून सुटली नाही. मी जन्मभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, मला पुस्तकांचे क्रमांक पाठ असतात. लहानपणीच्या शेळीचं नाव मात्र आठवलं नाही, तर दादानं फोन ठेवला. ऑटो करून मी नंदनवन गाठलं. दार उघडून तो मला नीट न्याहाळत राहिला.

"आता तरी ओळखलं का?" मी विचारलं.

"चेहराबी बनवता येते म्हणतात," तो म्हणाला. मग बाजूला सरला. "ये. चहा घे."

या हिवाळ्यात, निवृत्तीला चार महिने असताना, दादा झोपेतच गेला.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, कारखान्याचे सुरक्षा अधिकारी आले. फोटोला फूल वाहून ते जर्मनीहून आलेल्या पल्लवीजवळ बसले आणि विचारलं, "तुमच्या त्या फोनचं तुम्हाला कळलं होतं ना?" "कुठल्या फोनचं?" पल्लवीनं विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं.

पावसाळ्यात एका दुपारी दादाला अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज पल्लवीचा, रडणारा. बाबा, इथल्या पोलिसांनी मला धरलंय. तुमच्या भांडारात काय येतं, गाड्या कधी निघतात, ते सांगा, तरच सोडतील. दादानं प्रश्न विचारला. पलीकडून नुसतं रडणं. घाबरलेल्या पोरीलाही उत्तर आठवणार नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं फोन ठेवला. तिच्या नेहमीच्या नंबरवर केला, तो बंद. मग तो चालत सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेला. एकेक शब्द आठवून त्यानं जबाब लिहून दिला, खाली सही केली. पल्लवीचा फोन लागेपर्यंत दोन तास गेले.

"चौकशी वरपर्यंत गेली," अधिकारी म्हणाले. "असे फोन आणखी दोघांना आले होते. त्यांनी लाजेपोटी सांगितलं नव्हतं. तुमच्या वडिलांचा जबाब वाचून ते पुढं आले." मग उठून त्यांनी फोटोपुढं हात जोडले. मला वाटलं, आमच्या वडिलांनी हे पाहायला हवं होतं.

ते गेल्यावर पल्लवी माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "आत्या, तो दिवस आठवतो मला. मी मीटिंगमध्ये होते, बाहेर येऊन फोन सुरू केला तर बाबांचे एकवीस मिसकॉल. घाबरून लावला. त्यांनी त्या दिवशी काहीच विचारलं नाही. 'बोल वं,' म्हणाले. काय बोलू, म्हटलं. तर म्हणाले, 'कायबी बोल. मी आयकून राहिलो.'"

त्या दिवशी ती जिन्याच्या पायरीवर बसून बोलत राहिली. ऑफिसचं, भाड्याचं, तिथं मिळत नसलेल्या मेथीचं. तासभर. दादा मधेमधे नुसता हं म्हणत होता. शेवटी तिनं हसून विचारलं, बाबा, आवाज असा काय, आज काय झालंय तुम्हाला?

"सर्दी," तो म्हणाला.