सटवाची बेस गिटार

सहकारी संस्थेतून काम कसं काढून घ्यावं, हे अख्ख्या पाटोदा तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! निदान तेव्हा मी तसंच समजत होतो.

मी साखर कारखान्यात क्लार्क आणि कारखान्याच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा. त्या वर्षी दुष्काळात ऊसच नव्हता, कारखाना बंद. चेअरमन कल्याणराव म्हणाले, ऑर्केस्ट्रा लग्नांना पाठवू, जुनी वाद्यं बदला. मी लगेच पुण्याच्या कारागिराकडून खास घडवून घ्यायची गिटार सुचवली. किंमत पावणेदोन लाख! चार तारांचा हा भाव ऐकून कल्याणराव घटाघटा पाणी प्याले. कसेबसे तयार झाले, पण नियमाप्रमाणे तीन कोटेशनं हवीत म्हणाले. ज्याचा दर कमी, त्याला काम.

त्यात काय अवघड! चढ्या दराची आणखी दोन मिळवली की झालं. एक बीडच्या दुकानदाराने दिलं. दुसऱ्यासाठी सटवा सुताराला गाठलं. बैलगाड्यांची कामं बंद पडल्याने बिचारा रिकामाच होता. दोन लाख लिहून पाठव, बाकी मी बघतो, असं बजावून आलो. त्याने गिटारचा फोटो तेवढा मागून घेतला.

सभेत पाकिटं फुटली. सटवाचा दर अठराशे रुपये!

मी तसाच त्याच्या घरी गेलो आणि फैलावर घेतलं.

"दीड हात लाकूड, सायब," तो म्हणाला. "त्याला दोन लाख काहून लिहू? घरात लेकरंबाळं हायेत माझ्या."

काम त्यालाच मिळालं. त्याने जीव ओतून बाभळीची गिटार घडवली. गळ्यात घातली की बैलाच्या जोखडासारखी वाटायची. आवाज मात्र शून्य, कारण ही गिटार विजेवर वाजणारी आणि आतलं वायरिंग कोटेशनमध्ये नव्हतं, आणि जादा खर्चाला संचालक तयार होईनात!

गेवराईच्या लग्नात मी नुसती बोटं नाचवली. धुतलेलं धोतर नेसून सटवा पहिल्या रांगेत, शेजारी त्याची बायको दगडाबाई. कार्यक्रम संपल्यावर तो हळूच जवळ आला.

"सायब, आपल्या गिटारीचा आवाज न्हाई आला."

खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्याच्याकडे बघून धीर झाला नाही.

"बेसचा आवाज लई खोल असतो सटवा," मी म्हणालो. "लांबूनच ऐकू येतो."

पुण्याच्या गिटारीची हळहळ मला आहेच, पण ह्या वाक्याची जास्त आहे. पुढच्या लग्नात पहिल्या रांगेत सटवा दिसेना. शोधलं, तर मांडवाबाहेर, पाण्याच्या टँकरच्याही पलीकडे तो एकटाच उभा होता, कानामागे हात धरून.

मी आणखी जोरात बोटं नाचवली.