बाबालालची साडेतीन ठिकाणं

गावात नवा माणूस दिसला की लोक त्याला "कोन गाव?" किंवा "कुनाकडं आलात?" असं विचारतात. बाबालाल तांबोळी विचारायचा, "किती वेळ हाय?"

मी बदली होऊन त्या गावी गेलो तेव्हा लढाई चालू होती. मोटारीतून उतरलो, ट्रंक आणि वळकटी खाली घेतली, अंगावरची कोळशाची पूड झटकायला लागलो, तोच समोर एक उंच, हडकुळा माणूस येऊन उभा राहिला. मेंदी लावलेली दाढी, पायात फाटक्या वहाणा, हातात अर्धवट लावलेलं पान.

"किती वेळ हाय?"

"कशाला?"

"गाव बघायला."

मी सांगितलं की मी शाळेत मास्तर म्हणून आलोय, तीन वर्षं तरी इथंच असेन. हे ऐकून तो चक्क हिरमुसला. "तीन वर्सांचं न्हाई बा माझ्याकडं. साडेतीन ठिकानं हायती. पाऊन तासात उरकत्यात."

या पाऊण तासाचं मूळ मोटारीत होतं. पेट्रोल सगळं लढाईवर गेलेलं. बेलापुराहून संगमनेरला जाणारी आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. तिच्या पाठीला पिंपाएवढी भट्टी बांधलेली असे, आणि आमच्या गावाशी येईपर्यंत त्या भट्टीचा दम उखडलेला असे. मग क्लीनर राख काढी, नवा कोळसा भरी, आणि पंख्याचा दांडा फिरवत निखारा फुलवत बसे. या सगळ्याला पाऊण तास लागे. उतारू खाली उतरून लिंबाच्या झाडाखाली जांभया देत उभे राहत. तिथंच बाबालालचं पानाचं दुकान होतं.

गिऱ्हाईक दारात चालून आलं असताना एखादा तांबोळी पानं विकत बसला असता. बाबालाल पानांच्या टोपलीवर ओलं फडकं टाकायचा आणि दुकानाबाहेर यायचा. "चला मंडळी, गाव बघू." मोटारीच्या वेळेला ज्याला खरंच पान हवं असेल त्यानं गाव बघून यावं, असा शिरस्ताच होता.

पहिलं ठिकाण महादेवाची बारव. "उतरताना एकावन्न पायऱ्या, चढताना बावन्न. का ते मला इचारू नका." लोक मोजत उतरत आणि धापा टाकत, मोजणी चुकवत वर येत, त्यामुळे बाबालालचं म्हणणं आजतागायत कुणी खोडून काढलेलं नाही. तळाशी गेल्यावर तो टाळी वाजवायला लावी. टाळी दोनदा घुमत असे. बारवेला लागून महादेवाचं देऊळ होतं. तिथं तो उंबऱ्याबाहेर थांबे. "तुमी आत जा, मी हितनं सांगतो." मग बाहेरून खड्या आवाजात, "डाव्या हाताला गनपती. सोंड बघा, उजवी हाय. आता वर बघा, छताला कमळ," असं चाले. आतल्या पाहुण्याची मान त्याच्या आवाजाबरोबर वळे. पहिल्यांदा देवळाच्या गुरवाला याचा राग येई. पुढं पुढं कुणी काही विचारलं की गुरवच बाहेर बोट दाखवी.

दुसरं ठिकाण गोरखचिंच. हिचा बुंधा सात माणसांच्या कवेत मावत नाही, असं नुसतं सांगून बाबालालचं समाधान होत नसे. सात माणसं हातात हात घालून उभी केल्याशिवाय तो पुढं सरकत नसे. यात जात, हुद्दा, ओळख कशाचाही विचार केला जात नसे. एकदा माणसं कमी पडली तेव्हा त्यानं मोटारीतल्या जमादाराला आणि जमादार संगमनेरला नेत असलेल्या चोराला बोलावलं. त्या दोघांचे हात बेडीनं आधीच जोडलेले असल्यामुळं तेवढी एक खटपट वाचली. चोर म्हणे जाताना म्हणाला, झाड लई झकास हाय.

तिसरी साहेबाची कबर. गावाबाहेर हुलग्याच्या रानात एक चौथरा होता, त्यावर इंग्रजी अक्षरांचा दगड. बाबालाल सांगे, "लई दयाळू साहेब. सीताफळं खाऊन खाऊन मेला." गावातल्या बायका हिवतापाला साहेबबाबाचा दोरा बांधत, नारळ फोडत. मी नवखा. माझी विद्या मला स्वस्थ बसू देईना. दगडावरचं शेवाळ खरडून मी अक्षरं लावली. त्यात लिहिलं होतं की हा इमानी जीव अकरा वर्षं आपल्या धन्याला पाठीवर घेऊन हिंडला. कबर साहेबाची नव्हती, साहेबाच्या घोड्याची होती.

मी हे सांगितल्यावर बाबालाल दाढी खाजवायला लागला. मला वाटलं, गडी खचला. पण तो म्हणाला, "मग तर जास्तच बघन्यासारखी झाली की! साहेबाच्या कबरी काय, नगरला पैशाला पासरी." दुसऱ्या दिवसापासून साहेबबाबाचा घोडेबाबा झाला आणि सीताफळाच्या जागी हरभरा आला. हिवताप पहिल्याइतकाच उतरत राहिला.

उरलेलं अर्धं ठिकाण म्हणजे नदीच्या बंधाऱ्यावरनं पडणारी धार. ती पावसाळ्यात आणि पुढं एकदोन महिने असे, मग खडखडाट. जे निम्मं वर्ष नसतं त्याला पूर्ण ठिकाण म्हणायला बाबालालची जीभ रेटत नव्हती. या बाबतीत तो फार काटेकोर होता.

सगळं दाखवून झालं की तो दुकानाशी परत येई, फडकं बाजूला करी आणि पाहुण्याच्या तोंडाकडं बघत विचारी, "मग? हाय का न्हाई बघन्यासारखं?"

या प्रश्नासाठी सगळा खटाटोप होता. पाहुणा मनापासून "हाय!" म्हणाला तर बाबालाल त्याला वरून लवंग टोचलेलं पान फुकट खिलवी. कुणी "बरं आहे" म्हणालं तर साधं पान, रोख पैसे. आणि कुणी नाक मुरडलं तर समोर टोपलीभर पानं असताना तो शांतपणे म्हणे, "पानं सपली." संध्याकाळी दुकानाची फळी लावून घराकडं निघताना तो बोटांवर दिवसाचे "हाय" मोजत जाई. मला वाटे, माणसाला कसली तरी हौस लागते, याला ही.

पहिल्या दिवशी मलाही त्यानं विचारलं होतं. मी दमलेला, उपाशी, त्यातून मास्तर. "ठीक आहे," म्हणालो. त्यानंतर मी त्याच्याकडं रोज पान खाल्लं, त्याची माझी दोस्ती झाली, सुखदुःखाच्या गोष्टी झाल्या. पण लवंग काही माझ्या पानाला लागली नाही.

मग लढाई संपली. गावात साखर वाटली गेली, शाळेवर झेंडा लागला. आणि काही महिन्यांनी एक दिवस मोटार आली ती भट्टीशिवाय. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि ओरडला, "पाच मिनटं! कुनी लांब जाऊ नका!"

साऱ्या गावाला आनंद झाला. बाबालाल तेवढा हातातला अडकित्ता तसाच धरून बसून राहिला.

त्यानं हार लगेच मानली नाही. पाच मिनिटांत निदान बारव तरी उरकावी म्हणून त्यानं एका आडत्याला अक्षरशः पळवत नेलं. आडत्या देहानं भारदस्त. एकावन्न पायऱ्या उतरला, आणि वर येईपर्यंत मोटार पार नदीपलीकडं गेली होती. तो जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. त्याला मुक्कामाला आपल्या घरी न्यायची तयारी बाबालालनं दाखवली, उरलेली ठिकाणंही होतील म्हणाला. पण आडत्या चिडून बैलगाडीनं गेला. तेव्हापासून ड्रायव्हर उतारूंना खालीच उतरू देईना. मग बाबालाल मोटारीच्या खिडकीशी जाऊन नुसतं बोट दाखवी. "त्या लिंबामागं बारव हाय बघा. त्या तिकडं गोरखचिंच..." उतारू "दोन पानं दे" म्हणत. तो पानं देई. धंदा पहिल्यापेक्षा बरा चालला होता आणि माणूस दिसामाशी वाळत होता.

माघ महिन्यात एकदा दुकान सलग तीन दिवस बंद दिसलं. बाबालालला हिवतापानं धरलं होतं. शाळेतल्या पेटीतल्या क्विनीनच्या गोळ्या घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तोवर मी त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो. एक खोली, एक ओसरी, पोरबाळ नाही. तो घोंगडीखाली कुडकुडत होता आणि त्याची बायको अमीनाभाभी उशाशी बसून कपाळावर पाण्याची पट्टी बदलत होती. गुडघे धरलेले असल्यामुळं बाई भिंतीला धरून उठली, मला पाट दिला आणि म्हणाली, "मास्तर, तो पुन्याचा वकील चांगला पोचला का हो?"

"कोण वकील?"

"मंगळवारी आलेला की. बारव बघून म्हनला म्हनं, असली बारव पुन्यातबी न्हाई. आनि सोमवारी ती नाशिकची मंडळी. सात जनं झाडाला धरून उभे राहिले."

दोन महिन्यांत मोटारीतून उतरून त्या गावात कुणी काही पाहिलं नव्हतं. मी बाबालालकडं पाहिलं. घोंगडीतून फक्त डोळे दिसत होते आणि त्या डोळ्यांनी तो मला हात जोडत होता.

"पोचला ना," मी म्हणालो. "फार खूश होऊन गेला. नाशिकचे लोकही म्हणत होते, गाव बघण्यासारखं आहे."

बाबालालनं डोळे मिटले. थोड्या वेळानं गोळीनं त्याला झोप लागली. मी उठणार, तोच अमीनाभाभी हळू आवाजात म्हणाली, "तुमीबी त्यांच्यासारखंच. मोटारीचा भोंगा मला हितं ऐकू येतो, मास्तर. आल्याचा वाजतो आनि पानं लावून व्हायच्या आत गेल्याचा वाजतो. तेवढ्यात वकील कवा बारव उतरला?"

मग तीच म्हणाली, "चूक माझी हाय. मी नगरची. सोळा वर्सांची हुते, तोंड फाटकं. लगीन होऊन आले ती गाडीतून उतरता उतरताच म्हनले, आमच्याकडं किल्ला हाय, चांदबिबीचा महाल हाय, हितं काय हाय बघन्यासारखं? थट्टा केली हो. ह्यांनी ती अठ्ठावीस वर्सं धरून ठेवली. मोटारीला भट्टी लागल्यापास्नं तर रोज सांजच्याला येऊन सांगत्यात, आज चौघं हाय म्हनले, आज सहा जनं हाय म्हनले."

"मग तुम्ही कधी पाहिली नाहीत ती ठिकाणं?"

"मला कुनी इचारलंच न्हाई, चल म्हनून," ती म्हणाली आणि पट्टी पिळायला लागली.

आठ दिवसांनी बाबालाल दुकानावर आला. मी दुसऱ्यांच्या घरगुती गोष्टीत नाक न खुपसणारा माणूस. पण त्या दिवशी मला राहवलं नाही. म्हणालो, "बाबालालभाई, तुमच्याकडं एक पाहुणी आहे. तिला वेळ भरपूर आहे. तिला दाखवा ना गाव."

तो बराच वेळ पानाला चुना लावत राहिला, इतका की ते पान टाकून द्यावं लागलं. मग म्हणाला, "लोकं न्हाई म्हनली तर पानं सपली म्हनता येतं, मास्तर. तिनं बघून न्हाई म्हनलं, तर मी काय करू?"

मी शाळेत निघून गेलो.

रविवारी सकाळी मी धुतलेलं धोतर वाळत घालत होतो, तेव्हा माझ्या खोलीजवळच्या बारवेकडून आवाज ऐकू आला. पाहिलं तर बारवेच्या काठाला एक बैलगाडी सोडलेली, आणि काठावर सतरंजीवर अमीनाभाभी बसलेली, बुरख्याचा पडदा मागं टाकून. बाबालाल दिसत नव्हता, नुसता आवाज खालून येत होता. "अठ्ठेचाळीस... एकोनपन्नास... पन्नास... एकावन्न!" मग टाळी. टाळी दोनदा घुमली. मग तो मोठ्यानं मोजत वर चढायला लागला. तापातून उठलेला माणूस, मध्येच श्वास लागे, की ती वरून ओरडे, "तेवीस झालं, पुढं चला!" शेवटी तो वर आला आणि दोघांनी एकदमच "बावन्न" म्हटलं. भाभी हसत होती. धोतराचा पिळा हातात धरून मी तिथं उगाच उभा राहिलो. मला फार बरं वाटत होतं.

गाडी दिवसभर गावात फिरली. संध्याकाळी मी मुद्दाम दुकानाकडं गेलो. बाबालाल फडकं काढून पानं पुशीत बसला होता.

"मग?" मी म्हणालो. "काय म्हणाल्या भाभी? हाय का न्हाई?"

"अजून कुठं," तो म्हणाला. "म्हनली, साडेतीनातली तीनच बघितली. धार बघितल्याबिगर सांगनार न्हाई. मिरगाला अजून चार म्हैने हायती."

एवढं बोलून त्यानं नदीच्या कोरड्या पात्राकडं पाहिलं. चार महिने थांबायचंय म्हणून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मग त्यानं एक पान निवडलं, कात लावला, सुपारी घातली, घडी केली आणि माझ्या हातात ठेवलं. वरून लवंग टोचलेली होती.