आण्णा आणि बर्फावरचे बिल्ले

आमच्या शेजारचे आण्णा लग्नाला जाताना कोटावर फिगर स्केटिंगच्या स्पर्धेचा बिल्ला लावतात. कोल्हापुरात लग्नात बिल्ला लावलेला माणूस म्हणजे स्वागत समितीवाला. कागलच्या एका लग्नात अर्ध्या वऱ्हाडाने त्यांनाच विचारलं, जेवण कुठे आहे. आण्णांनी सगळ्यांना नेऊन बसवलं, वाढप्यांना दम दिला आणि वाटेत प्रत्येकाला सुनावलं, "पावणं, ह्यो साधा बिल्ला न्हाई. युरोपातला हाय." पावण्यांचं लक्ष मटणाकडे होतं.

आण्णांचा बर्फाचा कारखाना होता. तो विकून ते घरी बसले आणि टीव्हीवर त्यांना बर्फावर गिरक्या घेणारी माणसं दिसली. मला म्हणाले, "जल्मभर बर्फावरनं माणसं आपटताना बघितली, वैनी. आन् ही घसरून बक्षीस घेत्यात." तेव्हापासून ते या खेळाचे जुने बिल्ले आणि पदकं जमवायला लागले. आता कपाटाचे दोन कप्पे भरलेत. स्वतः आण्णांनी स्केटिंगचे बूट हातातसुद्धा धरलेले नाहीत.

परदेशी विक्रेत्यांना इंग्रजीत मी लिहून देते. एकदा लिहून दिलं आणि कायमची अडकले. आण्णा सांगतात, "त्यास्नी म्हणावं, पदकाची पाठ दाखवा, मग बोलू. तोंडाकडनं सगळीच चमकत्यात." मी एवढंच लिहिते की मागच्या बाजूचा फोटो पाठवावा.

त्यांच्या बायकोला, आक्कांना, या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. कपाट पुसताना त्या बिल्ल्यांना खिळे म्हणायच्या.

यंदा आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण आक्का चालेनात. पडायची धास्ती बसली होती. डॉक्टरांनी बजावलं की आत्ता चालल्या नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल. मुलीने फोनवरून रडून बघितलं, मी रागावून बघितलं. आक्का पलंग सोडीनात.

मग आण्णांनी कपाटातला पंचाचा जुना बिल्ला काढून बनियनवर लावला आणि पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसले. पूर्वी या खेळात सहापैकी मार्क देत, तसे ते द्यायला लागले. मोरीपुरत्या उठून आक्का वॉकर धरून कशाबशा खोलीच्या दारापर्यंत आल्या की आण्णा गंभीरपणे म्हणत, "तीन पूर्णांक चार. मान खाली हुती."

"ह्यो काय बर्फ हाय व्हय? फरशी हाय."

"फरशी बी घसरतीयाच की. मान वर ठेवायची."

आक्का चिडल्या. माझ्याकडे तक्रार केली की जल्मभर यांना भाकरी थापून घातली, तेव्हा कुणी मार्क दिले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मान वर ठेवून चालल्या. चारच्या पुढे मार्क मिळेनात म्हणून जिद्दीने बाहेरच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. पदर लोंबला म्हणून आण्णांनी अर्धा मार्क कापला. गल्लीतल्या बायका बघायला यायला लागल्या. आण्णा पक्षपाती आहेत यावर सगळ्यांचं एकमत झालं.

परवा सकाळी मी भाजी द्यायला गेले, तर आक्का वॉकर सोडून, नुसती काठी घेऊन अंगणातून फाटकापर्यंत निघालेल्या. मी हात द्यायला पुढे झाले तर आण्णांनी मला खुर्चीतूनच खुणेने थांबवलं. आक्का फाटकाला हात लावून परत आल्या आणि दम खात त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बोला आता. किती?"

खुर्चीशेजारच्या स्टुलावर चहाचे दोन कप भरून ठेवलेले होते, दोन्हींवर साय धरलेली. ऑपरेशनपासून आक्कांचा चहा पलंगावर जात होता. आण्णांचा तसाच मोरीत जात असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मार्क ऱ्हाऊ देत," आण्णा खुर्ची सरकवत म्हणाले. "बस हितं. एकट्याला चहा जात न्हाई गं."

आक्का बसल्या. मी भाजी कट्ट्यावर ठेवून निघाले.