लंडन तीन भाकरी

आमचे शेजारी धोंडूआप्पा अंतर भाकरीत मोजायचे. रहाटणीहून चिंचवड म्हणजे चतकोर भाकर. पुणे अख्खी एक. देहूलाही एकच, पण वर कांदा हवा, कारण वाटेत बोलणारं कुणीतरी भेटतंच आणि बोललं की भूक वाढते. मैलाचा दगड त्यांना मान्यच नव्हता.

"दगडाला भूक लागती का? मग त्याला काय कळतंय?"

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी कुणी न विचारताही सांगतो. आप्पा मला हाकही 'बी.ए.' अशीच मारायचे. म्हणूनच त्यांच्या विष्णूनं मला गळ घातली. विष्णू पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नव्या यंत्रांवर होता. ती यंत्रं शिकायला कंपनी त्याला दोन वर्षं लंडनला धाडत होती, तेही विमानानं! पण आई लहानपणीच गेलेली, पोराला वाढवलं एकट्या आप्पांनी. ते 'जा' म्हणेनात आणि त्याशिवाय विष्णू हलेना.

मी नकाशा घेऊन गेलो. "आप्पा, हा मुंबईचा विमानतळ, हा लंडनचा. मधे जवळजवळ पाच हजार मैल. आपलं पुणं दहाच."

आप्पांचे ओठ हलू लागले, बोटांची पेरं मोजून झाली आणि ते ओरडलेच, "पाचशे भाकरी! आरं बी.ए., येवढ्या भाकरी घिऊन त्ये इमान उठंल तरी का?"

"अहो, पण विमान दिवसभरात पोचतं. फार तर एक रात्र वर. वाटेत तेल भरायला थांबूनसुद्धा."

"म्हंजी जेवणं किती?"

"तीन."

आप्पा ताडकन उभे राहिले. "पुण्याला एक अन् लंडनला तीन? मग हे तर लोणावळंच झालं की!"

मी समजवायला तोंड उघडलं, तोच शेजारी बसलेल्या विष्णूनं माझा पाय जोरात दाबला. मी तोंड मिटलं. बी.ए. असलो तरी तेवढं कळतं.

त्या दिवशी आप्पांनी लंडन उचलून लोणावळ्याला नेऊन ठेवलं. न्हाव्याला सांगितलं, पारावर सांगितलं, बैलालाही सांगितलं असेल. पाटलांची लेक जुन्नरला दिलेली, तर भर चावडीत पाटलांचीच कीव केली, "पाच भाकरीवर दिली व्हय? लंडनला द्यायची राव, जवळ पडलं आस्तं!"

विष्णू निघाला. अंगात नवा कोट, काखेत ठेचा लावलेल्या तीन भाकरी. चिंचवडच्या स्टेशनात गाडी हलली तरी आप्पा हसतच होते. "हितंच तर चाललाय. रडायचं काय त्यात?"

पुढल्या उन्हाळ्यात एकदा संध्याकाळी मी पवनेच्या काठानं येत होतो. आप्पा मावळतीकडं तोंड करून बसलेले. फडक्यात तीन भाकरी. दोन चवीनं खाल्ल्या. तिसरी तशीच गुंडाळली.

"का हो आप्पा, भूक नाही?"

"हाय की."

"मग खा की."

"न्हाई बा. तिसरी सपली की लंडन याया पायजे." फडक्याची गाठ त्यांनी दातानं आवळली. "न्हाई आलं, तर तुझं गणित खोटं पडंल, बी.ए. म्हून रोज दोनावरच थांबतो."