तीन सोमवार अंगणात

मन्मथअप्पांच्या घरी नवा मासा आला की तो तीन सोमवार अंगणातल्या टबात राहतो. मग त्याला आतल्या काचेच्या टाकीत प्रवेश. माशांच्या बाबतीत ही शिस्त ठीकच म्हणा, पण अप्पांची नजरच तशी झाली आहे. जावयानं दिवाळीला सोफा पाठवला, तर अप्पांनी तो टेम्पोतून उतरवून पडवीतच ठेवायला लावला. म्हणाले, "राहू द्या दोन-चार दिवस भाईर. संगं काय घेऊन आलाय, दिसंल." सोफ्यातून ढेकूण निघाले. तेव्हापासून त्या घरात अप्पांशी वाद घालायची कुणाची टाप नाही.

अहमदपूरच्या बाजारात अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्याला लागून माझा फोटो स्टुडिओ. मधे एक भिंत, तीही आवाज न अडवणारी. दुकानात अप्पांच्या गादीशेजारी, स्टीलच्या घागरींच्या उतरंडीसमोर माशांची टाकी, आणि दुकानामागं घर. कळशी घ्यायला आलेल्या बाईला अप्पा कळशी दाखवायच्या आधी टाकीपासून हातभर लांब उभं करतात. "काचेवर टिचक्या मारू नका बाई. त्यांच्या डोक्यात घण बसतेत."

आता अप्पा म्हणजे कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, सोमवारी एकभुक्त. सात पिढ्यांत कुणी अंड्याला शिवलेलं नाही. अशा माणसाला मासे भेटले ते एका बँकेतल्या साहेबामुळं. साहेबांची बदली झाली आणि त्यांनी टाकी माशांसकट अप्पांकडं ठेवली. पंधरवड्यात एक सोडून सगळे मासे गेले. अप्पा इतके हादरले की त्यांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. "माझ्या दारात येऊन जीव गेले रे माणिक," ते मला म्हणाले, "अन् मला कळलंबी न्हाई कशानं गेले." मग ते नांदेडला जाऊन माशांच्या दुकानदाराला भेटून आले, मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ बघत बसले, आणि उठले ते माशांचे डॉक्टर होऊनच.

पहिला मासा बसमधून आणताना पिशवी मांडीवर होती. शेजारच्या माणसानं विचारलं, "अप्पा, कसे किलो?" अप्पा पुढच्या थांब्यावर उतरून दुसऱ्या बसनं आले. पण बातमी त्यांच्याआधी गावात पोचली होती : अप्पा मासे घेऊन आले. तिसऱ्या दिवशी मठातले स्वामी चौकशीला दारात. बिचारे अवघडून म्हणाले, "अप्पा, घरात मासे आलेत म्हणं?"

"आलेत की. बगा ना. पण आधी हात धुवा."

स्वामींनी हात धुतले, मासे बघितले. निघताना अप्पांनी पुन्हा एकदा हात धुवायला लावले. आधी माशांसाठी, नंतर स्वामींसाठी.

अप्पांचा सगळा शास्त्रार्थ एका वाक्यात आहे : "आधी पाणी, मग प्राणी." मासा सुस्त दिसला की ते माशाकडं बघतच नाहीत, पाण्याला हात लावतात, वास घेतात, अर्धं काढून शिळं पाणी भरतात. शिळं म्हणजे आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, नळातल्या औषधाचा वास उडालेलं. अहमदपुरात नळाला पाणी आठवड्यातून कधी येईल ते महादेव जाणे, पण आलं की पहिला हंडा माशांचा. महादेवीकाकू, म्हणजे अप्पांची बायको, एकदा वैतागून म्हणाल्या, "पुढचा जल्म मला माशाचा दे म्हणावं देवाला." अप्पा गंभीरपणे म्हणाले, "ये की. पण तीन सोमवार अंगणात."

त्या टबाचीही एक गोष्ट आहे. नव्या माशाला वेगळं ठेवायचं कळल्यावर अप्पांनी दुकानातलं सगळ्यात भारी, लखलखीत तांब्याचं घंगाळ काढलं. तांबं पवित्र, तांब्यातलं पाणी आरोग्याला उत्तम. मासा मात्र तासाभरात तिरका पोहू लागला. नांदेडच्या दुकानदाराला फोन केला तेव्हा तो पलीकडून ओरडलाच, "अप्पा, तांबं माशाला इख हाय!" आणि ज्या माणसानं जन्मभर प्लास्टिकला शिव्या घातल्या, गिऱ्हाइकांना प्लास्टिकचे तोटे सांगून स्टीलच्या बादल्या विकल्या, तो माणूस समोरच्या प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातून निळा टब डोक्यावर घेऊन भर बाजारातून आला. समोरच्यानं ती गोष्ट अजून गिऱ्हाइकांना सांगणं सोडलेलं नाही.

माझा यात संबंध यायचा तो फोटोपुरता. अप्पांचे डोळे अधू, त्यामुळं माशाच्या अंगावर काही दिसलं की हाक यायची, "माणिक, जरा चेअरमनचा पासपोर्ट काढ." चेअरमन म्हणजे साहेबांच्या वेळचा वाचलेला जाडजूड सोनेरी मासा. मी फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर मोठा करायचा आणि अप्पांनी त्याचा कल्ला न् कल्ला तपासायचा. कल्ल्याशी जंत आहेत का, खवल्याला ऊ चिकटली आहे का. "माशाला ऊ असते?" मी विचारलं होतं. "तुला न्हाई का झाल्या ल्हानपणी?" अप्पा म्हणाले. "फक्त त्याची आई फणी घेऊन बसत न्हाई, एवढाच फरक."

असा हा कडक माणूस. नात सुट्टीत आली आणि तिनं हट्ट करून एक छोटा मासा आणला, तर तोसुद्धा तीन सोमवार अंगणात. नात रडली, जेवली नाही, तिच्या आईचा फोन आला. अप्पा हलले नाहीत.

आणि मग एक दिवस देगलूरहून गौराक्का आल्या.

गौराक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. पंचाहत्तरीच्या पुढं वय, अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. देगलूरला कानडी-तेलुगू कानावर पडून पडून त्यांच्या मराठीत सगळ्याची भेसळ झालेली. अप्पांना त्या 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. बसमधून उतरून त्या थेट दुकानात शिरल्या, आणि त्यांच्या हातात फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत झिरमिळ्या शेपटीचा नारिंगी मासा.

"तम्मा, तुला मासे आवडतेत म्हणून आणला बग. बाजारात मोटरसायकलीवर एक जण घेऊन बसला होता."

मी तेव्हा दुकानातच होतो. काकू आतून पाणी घेऊन आल्या होत्या, त्या तांब्या हातात घेऊन थबकल्या. कारण गौराक्कांनी बोलता बोलता पिशवीची गाठ सोडली होती. आम्ही दोघं अप्पांकडं बघत होतो. अप्पांचा हात पुढं झाला, अर्ध्यात थांबला. आणि गौराक्कांनी पिशवीतल्या पाण्यासकट मासा टाकीत ओतला. पिशवीतलं पाणी! अप्पांच्या लेखी याच्याहून मोठं पाप नव्हतं.

"जा रे बाळा," गौराक्का माशाला म्हणाल्या, "तुझं सासर हे."

मी कानांवर हात न्यायच्या तयारीत. अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बरं केलंस अक्का. लई चांगला हाय."

काकूंच्या हातातलं पाणी सांडलं.

गौराक्का दोन दिवस राहून गेल्या. त्यानंतर आठवडा झाला नसेल, सकाळी काकूंनी मला हाक मारली. चेहऱ्यावर भक्तिभाव. "माणिक, ये, ये. चमत्कार बग. माशांनी इभूत लावून घेतली!"

खरंच, चेअरमनसकट सगळ्यांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके. गौराक्कांच्या माशावर तर सगळ्यात जास्त. मासे वाळूवर अंग घासत होते. अप्पा गादीवर बसले होते आणि त्यांचा चेहरा विभूतीहून पांढरा पडला होता.

"इभूत न्हाई ती," ते म्हणाले. "किडा हाय."

मग जे युद्ध सुरू झालं ते सगळ्या बाजारानं बघितलं. अप्पांनी टाकीत हीटर सोडून पाणी हळूहळू ऊन केलं. बिनआयोडीनचं खडे मीठ शोधायला मला गावभर पिटाळलं. निळं औषध घातलं, त्यानं मासे, वाळू, अप्पांची बोटं आणि धोतर सगळं निळं झालं. रोज नळीनं वाळूतला गाळ उपसायचा, शिळं ऊन पाणी भरायचं. वीज गेली की टाकी थंड पडू नये म्हणून अप्पा तिला कांबळं गुंडाळत. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "अप्पा, टाकीला थंडी वाजून राहिली का?" आणि हवेचं यंत्र बंद पडलं म्हणून अप्पा स्वतः स्टीलच्या तांब्यानं पाणी उचलून वरून धार सोडत बसत, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. समोर लग्नाच्या भांड्यांची यादी घेऊन आलेलं अख्खं वऱ्हाड ताटकळत उभं, आणि अप्पा अभिषेक घालताहेत.

चार-पाच दिवसांत ठिपके दिसेनासे झाले. मी म्हणालो, "जिंकलात अप्पा."

"येडा हायेस का? अंगावर दिसतंय ते पिकलेलं. ते गळून वाळूत पडतंय, तिथं फुटून एकाचे शेकडो होतेत, अन् पुन्हा मासा हुडकायला निघतेत. त्या वाटेवरच त्यांना गाठायचं असतंय. अंगावर बसल्यावर औषध लागत न्हाई. ठिपके गेले म्हणून इलाज सोडला, की मेला मासा."

त्यांनी इलाज सोडला नाही. चेअरमन वाचला, नातीचा छोटा मासा वाचला, सगळे वाचले. गौराक्कांचा मासा तेवढा गेला.

अप्पांनी तो अंगणातल्या जास्वंदीखाली पुरला. संध्याकाळी गौराक्कांचा फोन आला. फोन नेहमीप्रमाणं मोठ्या आवाजावर असल्यामुळं मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं.

"तम्मा, माझा मासा कसा हाय रे?"

"एकदम मस्त. लई खेळून राहिला."

"खातोय का?"

"खातोय की. सगळ्यांच्या आधी येतोय."

सबंध बाजारात खरं बोलून गिऱ्हाईक घालवणारा म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस! दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टुडिओत आले. "अक्काच्या माशाचे फोटो काढले होतेस ना? मोठे करून दे. नांदेडला जायचंय. तूबी चल. माझी नजर पुरायची न्हाई."

नांदेडच्या दुकानात अप्पांनी फोटो काचेला लावून एकेक नारिंगी मासा तपासला. ह्याची शेपटी आखूड, त्याचं तोंड बारीक, हा जरा फिकट. शेवटी दुकानदार म्हणाला, "अप्पा, मासा घ्यायचाय का सोयरीक जमवायची हाय?" जुळणारा मासा मिळाला तेव्हा दुपार कलली होती.

परतीच्या बसमध्ये अप्पा पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. मी विचारून टाकलं. "अप्पा, नातीचं ऐकलं नाही तुम्ही. मग त्या दिवशी अक्कांना का थांबवलं नाही? नुसतं म्हणायचं, टबात सोड."

अप्पांनी पिशवीची गाठ चाचपून बघितली. मग बोलू लागले.

"अक्काला ल्हानपणी टीबी झाला होता. मी सहा-सात वर्साचा असंन, ती चौदाची. परसातल्या खोलीत ठेवली तिला. ते बराबरच होतं, आता कळतंय मला. घरात ल्हान लेकरं होती. पण ताट लांबून सरकवायचे. तिनं हात लावलेलं काही घरात येऊ द्यायचे न्हाईत. मी जायचो चोरून, खिडकीखाली बसायचो. एकदा तिनं खिडकीतून मला पेरू दिला. चांगला पिकलेला, तिला औषधाबरूबर दिलेला, तिनं माझ्यासाठी ठेवलेला. मी घेऊन आत आलो तर आईनं माझ्या हातातनं घेतला, अन् उकिरड्यावर टाकला. अक्का खिडकीतून बघून राहिली होती."

बस माळाकोळीच्या चढावर कण्हत होती. अप्पांनी पिशवीखाली दुसरा हात धरला, धक्का लागू नये म्हणून.

"ती बरी झाली. लगीन झालं, लेकरंबाळं झाली. पण अजून कुणाच्या घरी गेली तर आधी विचारती, कुठं बसू? आता तिनं बसमधी मांडीवर धरून मासा आणला माझ्यासाठी. अन् मी तिच्या डोळ्यांदेखत तो घेऊन भाईर ठेवू? तेवढं न्हाई जमलं मला. मासे मरतीन हे माहीत होतं रे. तरीबी न्हाई जमलं."

 

नवा मासा अर्थात तीन सोमवार अंगणात राहिला. चौथ्या सोमवारच्या आत टाकीत गेला, आणि नागपंचमीला गौराक्का आल्या. टाकीसमोर खुर्ची घेऊन बसल्या. "वाढला की रे," म्हणाल्या. अप्पा म्हणाले, "तुझ्या हातचा हाय ना." काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि पटकन आत गेल्या.

गौराक्का हात धुवायला अंगणात गेल्या आणि उन्हात पालथ्या घातलेल्या निळ्या टबापाशी थांबल्या. मागोमाग अप्पाही गेले होते.

"तम्मा, तुझी नात सांगत होती, नवा मासा आला की तू ह्यात ठेवतोस. माझाबी ठेवला होतास का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "तुझा कशाला ठेवीन?"

गौराक्कांनी एकदा त्या टबाकडं बघितलं आणि हात धुतले. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला सांगता येणार नाही. त्यांनी पदरानं हात पुसले आणि आत येऊन, कुणालाही न विचारता, अप्पांच्या पाटाला पाट लावून बसल्या. काकूंनी गरम भाकरी वाढली. गौराक्कांनी तिचे दोन तुकडे केले आणि एक आपल्या हातानं अप्पांच्या ताटात ठेवला.

अप्पांनी ताटातलं बाकी सगळं बाजूला सारलं आणि आधी तो खाल्ला.