करंट न जाणारा गोंद

झरीच्या दत्तरावांना कुठलीही वस्तू उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. त्यात लेक शालू परभणीच्या कॉलेजातून सुट्टीला आली ती राखाडी गोंदाची डबी घेऊन आणि तोंड पाडून.

"ह्याच्यात चांदी हाय म्हणं? दिसंना कुठं!" दत्तरावांनी डबी उन्हात धरली.

"लय बारीक हाय बाबा, डोळ्याला दिसत न्हाई. ह्यातून करंट जायला पायजे, पण कायबी केलं तरी जाईना. सोमवारी सर माझा संशोधनाचा विषयच रद्द करायलेत. दोन वर्षं पाण्यात गेली!" शालूचे डोळे भरून आले.

दत्तरावांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण डोक्यात भलतंच चक्र फिरायला लागलं. डुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला झटका मशीन जोडलेलं होतं. तारेतला करंट लोखंडी फाटकात उतरू नये म्हणून मध्ये बसवलेली चिनी मातीची गुंडी कालच तडकली होती. तिथून करंट जायला नको, आणि ह्या गोंदातून तर तो जातच नाही! देवानंच धाडला म्हणायचा. त्यांनी गुपचूप सगळा गोंद गुंडीला चोपडला आणि लवकर वाळावी म्हणून, भाकरी झाल्यावर गुंडी तापल्या तव्यावर ठेवली आणि मग परत फाटकाला बसवली.

संध्याकाळी मशीन सुरू झालं. बोकड सवयीनं फाटकाला तोंड घासायला गेलं आणि जे उडालं ते थेट कडब्याच्या गंजीवर.

"ह्येला काय झालं?" म्हणत शालूच्या आईनं, कासाबाईंनी फाटक धरलं. "अगं आई गं! मेले मी!"

"कायतरीच तुझं," म्हणून दत्तरावांनी हात लावला आणि तेही बोंबलले.

शालू धावत आली. "बाबा, गुंडी कशानं चिकटवली?"

दत्तरावांची मान खाली. "तुझ्या गोंदानं. समदा संपला, पोरी. तूच म्हणलीस करंट जात न्हाई. म्या नुसता तव्यावर वाळवला."

"तव्यावर?" शालूनं झटका नीट बसावा म्हणून चपला काढल्या, फाटकाला बोट लावलं, किंचाळली आणि चक्क नाचायला लागली. "शेकल्यावर चांदीचे कण जुळले, बाबा! मी येडी सावलीत वाळवायले!"

सरांना फोनवर ते पटेना. रविवारी स्वतःच आले. "म्हणे फाटकात करंट! काहीही सांगतेस," असं हसत वाटेवरून फाटकाकडे येऊ लागले.

दत्तराव मशीन बंद करायला पळाले. कासाबाईंनी त्यांचं धोतर घट्ट धरलं.

"या ना सर," शालू आतून गोड आवाजात म्हणाली, "कडी तेवढी काढा."