वत्सलाताई आणि दोन किम

वत्सलाताई गायकवाड पर्समध्ये स्टीलचा एक चमचा ठेवत. कंगवा विसरत, बसचा पास विसरत, पण चमचा कधीच नाही. जेवणाची सुट्टी झाली की तो बाहेर निघे आणि आम्हा बायकांच्या टेबलाभोवती त्यांची फेरी सुरू होई. डबा उघडा दिसला की त्यात चमचा. भाजी तळहातावर घ्यायची आणि तळहातावरून तोंडात टाकायची. चमचा तोंडाला लागू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. परवानगी मात्र मागायची नाही. "एवढ्यानं तू उपाशी राहणारेस का?" असं म्हणेपर्यंत घास गेलेला असे.

मग निदान. "शिंदेबाई, फोडणी करपलीय. नवऱ्याशी वाजलं का सकाळी?" शिंदेबाई खाली बघत, म्हणजे वाजलेलं असे. माझी फरसबी चाखून एकदा म्हणाल्या, "नीते, आई आजारी आहे ना तुझी? ही तू केलीस. नुसती उकडलीयस." आईला खरंच ताप होता.

ही ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. चिंचवडच्या आमच्या कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि मी टायपिस्ट. त्या दापोडीच्या, वडील कारखान्यात कामगार, शिक्षण नगरपालिकेच्या शाळेत. त्यांचं इंग्रजी मी रोज भिंतीपलीकडून ऐकत असे. "होल्ड, होल्ड. साहेब इन बाथरूम. कमिंग नाऊ." पलीकडचा माणूस हसायचा, याही हसायच्या, आणि काम व्हायचं. मी कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेली. इंग्रजी पत्रात माझी एक चूक कुणाला सापडली नसती. पण फोन वाजला की माझ्या तोंडाला कोरड पडे. मला त्यांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. बसमध्ये बसल्या बसल्या मी त्यांच्या चुका मोजायचे आणि मग जरा बरं वाटायचं.

त्या वर्षी कंपनीनं कोरियाहून एक मशीन मागवलं आणि ते बसवायला दोन इंजिनियर आले. दोघांचंही नाव मिस्टर किम. अख्खं ऑफिस गोंधळात असताना वत्सलाताईंनी पहिल्याच दिवशी निकाल लावला. एक थोरले किम, एक धाकटे किम. दुपारपर्यंत साहेबही तेच म्हणू लागले.

पाहुण्यांकडे बघायचं काम साहेबांनी मला दिलं. "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. नीट जमलं तर पुढे येणारे सगळे परदेशी पाहुणे तुमच्याकडे." त्या रात्री मी आरशासमोर वाक्यं म्हणून पाहिली. माझ्या इंग्रजीला पहिल्यांदाच काम मिळालं होतं, आणि ते मला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

पण किमांना इंग्रजीचे जेमतेम चाळीस शब्द येत आणि ते सगळे मशीनचे. मी विचारलं, गेस्टहाऊस सोयीचं आहे ना? धाकटे किम विचार करून म्हणाले, "टुमारो बोल्ट." वत्सलाताई मात्र त्यांच्याशी सरळ मराठीत बोलत. "काय हो किमभाऊ, गळून गेलात की. जेवत नाही का?" ते कोरियन भाषेत तक्रार करत, या मान हलवत. "तेच म्हणते मी. त्या गेस्टहाऊसच्या भाजीला चवच नाही." मी वही-पेन घेऊन बाजूला उभी.

शेवटी थोरल्या किमांनी स्वतःच स्वयंपाक करायचं ठरवलं. पिंपरी कॅम्पात एका सिंधी काकांचं रेस्टॉरंट होतं. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे दुपारी तिथे गिऱ्हाईक कमी. काकांनी भटारखाना मोकळा करून दिला. ऑफिसातल्या आम्हा सहा जणांना आमंत्रण होतं. साहेबांच्या यादीत वत्सलाताई नव्हत्या. धाकट्या किमांनी थेट स्विचबोर्डजवळ जाऊन, हातानं घास भरवल्याची खूण करून त्यांना बोलावलं. हे मला कळलं तेव्हा मी यादी पुन्हा टाईप करत होते. त्यांचं नाव मी सर्वांत खाली घातलं.

गुरुवारी मी अर्धा तास आधी पोचले. प्रत्येकासमोर प्लेट, काटा, पंख्यासारखी घडी घातलेला नॅपकिन, सगळं मी मांडलं. आतून लसणाचा आणि कसल्यातरी आंबूस तिखटाचा वास येत होता. मग थोरले किम उकळतं पातेलं घेऊन आले. कोबी, बटाटे, मटण आणि वर तांबडीलाल तर्री. त्यांनी माझ्या प्लेटा कोपरानं बाजूला सारल्या, पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवलं, त्यात चमचा बुडवला, भुरका मारला आणि तोच चमचा परत पातेल्यात घातला. धाकट्यांनीही तसंच केलं. मग दोघं आमच्याकडे बघून हसले. घ्या.

"अगं बाई, उष्टं," शिंदेबाई पदराआडून म्हणाल्या.

अकाउंट्सच्या जोशींना एकदम आठवलं की आज गुरुवार, त्यांचा उपास. त्यांच्यापाठोपाठ तिघांना गुरुवार आठवला. शिंदेबाईंनाही. त्या सोमवार करतात हे मला माहीत होतं.

थोरल्या किमांचं हसू मावळायला लागलं. आता बोलायचं होतं ते मीच. मी म्हणाले, "इट लुक्स डिलिशस." ते म्हणाले, "ईट." मी पातेल्यातलं थोडं माझ्या प्लेटमध्ये वाढून घ्यायला निघाले, पण वाढायला वेगळा डावच नव्हता. माझा हात तसाच राहिला.

पर्सची चेन वाजली. वत्सलाताईंनी चमचा काढला, पातेल्यात बुडवला, आणि या वेळी तळहात मध्ये न आणता सरळ तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं. "आयो, काय जाळ आहे." चमचा परत पातेल्यात. "थोरले, लसूण भारी. मीठ कमी." थोरले किम आत जाऊन मीठ घेऊन आले. तिघांची डोकी पातेल्यावर जुळली. मग मीही एक चमचा घेतला. आधी गोडसर, मग आंबट, मग कानापर्यंत तिखट. फार छान होतं, पण ते सांगायला जागाच उरली नव्हती. साहेब उद्या काय म्हणतील ते मला समजलं होतं.

तेवढ्यात धाकट्या किमांनी नाक वर करून वास घेतला आणि ते टेबलाखाली वाकले. वत्सलाताईंच्या पिशवीत डबा होता. परदेशी जेवण नाहीच गेलं तर, म्हणून आणलेला. वत्सलाताईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"नको हो. ते आमचं घरचं आहे. सुकट आहे नुसती."

त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. धाकट्यांनी झाकण काढलं. वाळलेली मासळी बघून ते ओरडलेच, आणि थोरले उठून जवळ आले. दोघांनी ती त्यांनी सोबत केलेल्या भातावर ओतली, डब्यातल्या भाकरीचे तुकडे केले, आणि खाली मान घालून खात सुटले.

मी शिंदेबाईंकडे पाहिलं. त्यांच्या घरीही सुकट होत असे. त्यांच्या डब्याला कितीदा तो वास असे. तरी वत्सलाताईंच्या डब्यात त्यांचा हात कधी गेला नव्हता. कुणाचाच नाही. मी नवीन असताना वत्सलाताईंनी डबा माझ्यापुढे सरकवला होता, "घे ना." मी शाळेत शिकवल्याप्रमाणे गोड हसून म्हणाले होते, पोट भरलंय. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

इतके महिने मी त्यांच्यावर जळत होते. त्या क्षणी मात्र मला हेवा वाटला तो त्या दोन किमांचा.

जेवण झाल्यावर वत्सलाताई मागच्या नळावर गेल्या. मी त्यांच्यामागे गेले. काहीतरी म्हणायचं होतं. दोन्ही भाषांतली वाक्यं तयार होती, आणि एकही धड नव्हतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"पुसून खाल्लं गं त्यांनी," त्या म्हणाल्या. "धुवायला काही ठेवलंच नाही."

आणि नळ सोडून तो लख्ख डबा त्या बराच वेळ धूत राहिल्या.